डिस्क पुसायची नाही

चौथा स्क्रू निघेना. ऋचानं स्क्रूड्रायव्हर दोन्ही मुठींत धरला, दात आवळले आणि जोर लावला, तेव्हा कुठं तो कुरकुरत फिरला.

"काकू, टॉर्च स्वल्प खाली घ्या," ती म्हणाली. मूळची नाशिकची, पण तीन वर्षं बेंगळुरातल्या ह्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिल्यावर तिच्या मराठीत एवढा एक कानडी शब्द मुरला होता.

वसुमतीनं मोबाइलचा टॉर्च खाली घेतला. उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात बोटभर धूळ साठली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या घरात दिवसातून दोनदा केर निघतो, गल्लीतल्या बायका तिच्या ओसरीकडे बोट दाखवून आपल्या सुनांना बोलतात, आणि परक्या मुलीपुढे हे असं उघडं पडायचं. पण ह्या डब्यात हात घालायची अण्णानं कुणाला परवानगीच दिली नव्हती.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ गुरुदत्त. तो पलीकडच्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. जन्मापासून दिसत नसल्यामुळे त्याचं बघणं सगळं कानांनी चाले. ताटलीत पडणारा एकेक स्क्रू तो मनात मोजत होता.

"चार झाले," तो म्हणाला. "आता डिस्क निघंल. पोरी, पुसायची न्हाई हां ती."

"नाही पुसत, काका. तिसऱ्यांदा सांगताय."

"चौथ्यांदा."

पहिल्यांदा त्यानं ते सांगितलं तेव्हा ऋचाला पटलं नव्हतं. जुनी विंडोज कशाला ओढत न्यायची, असं तिचं म्हणणं. फाइली काढून घेते, नव्या मशीनवर सगळं फ्रेश इन्स्टॉल करून देते, दोन तासांचं काम. महादेवपुऱ्यातल्या तिच्या ऑफिसात असंच करतात. बिघडलं की पुसायचं आणि कोरं करकरीत नव्यानं घालायचं. गुरुदत्तनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

त्याचंही खरं होतं. कारखान्यातला त्याचा मित्र विद्याधर, त्यानं ही सगळी व्यवस्था बसवून दिली होती. लिहिलेलं वाचून दाखवणारा यंत्रातला आवाज कानडी. त्याला घोरपडे, इंगळे, जगताप ही नावं धड उच्चारायला शिकवण्यात दोघांचं अख्खं वर्ष गेलं होतं. कुठली कळ दाबली की काय उघडतं, हे गुरुदत्तच्या बोटांना पाठ होतं. विद्याधर जाऊन सहा वर्षं झाली. आता कुठली सीडी, कुठला परवान्याचा नंबर, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून शेवटी असं ठरलं, की ऋचाच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिच्याकडे पडून होता, त्यात ही डिस्क जशीच्या तशी बसवायची. विंडोज, आवाज, याद्या, सगळ्या बिऱ्हाडासकट.

"सहसा असं चालत नाही," ऋचानं आधीच सांगून ठेवलं होतं. "पण ट्राय करू."

आणि जे काय व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं. आज शनिवार होता आणि सोमवारी पितृपक्ष लागत होता.

पितृपक्षाचे पंधरा दिवस हा गुरुदत्तचा हंगाम. एका सरकारी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्याची नोकरी झाली. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आंधळ्याला भिंत काय आणि खिडकी काय, असं एक-दोघं बोलून गेली. वसुमतीला तो फरक चांगला कळत होता. भावंडांपैकी कुणीच लग्न केलेलं नव्हतं. घरात दोघंच, त्यातला एक भिंतीकडे बघत बसलेला. तसं वर्ष परत येऊ नये म्हणून ती अजून जपत होती.

मग विद्याधरनं हा कॉम्प्युटर आणून दिला, आणि गुरुदत्तच्या डोक्यात एक कल्पना आली. बेंगळुरातली जुनी मराठी घरं चिकपेट, चामराजपेट सोडून एचएसआर लेआउटला, हेब्बाळला पांगली होती. पंचांग बघणारी माणसं घरोघरी कमी होत चालली होती. ज्या घरी ज्या दिवशी श्राद्ध, त्या घरी आदल्या सकाळी फोन करायचा. उद्या पंचमी, तुमच्या वडलांची. उद्या नवमी, तुमच्या आईची. वर्षभर तिथ्या असतातच, पण पक्षात दिवसाला वीस-वीस, तीस-तीस घरं. "चारशे बारा घरं आपल्या भरवशावर हायत," असं तो म्हणे. माणूस परत माणसात आला.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता त्याच्या खोलीचं दार लागे, आतून "नमस्कार, गुरुदत्त बोलतो" असं ऐकू येई, आणि वसुमती निवडायची भाजी घेऊन दाराबाहेर उभी राही. चारशे बारा घरांचं तिला काही नव्हतं. कुणाच्या आजोबांची तिथी कधी, ह्याच्याशी तिला काय करायचं होतं? तो आवाज एकदा कानावर पडला की तिचा दिवस सुरळीत जाई.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी यंत्र बोलायचं थांबलं. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस आला, बटण दोनदा दाबून, "बोर्ड होगिदे" म्हणाला, म्हणजे बोर्ड गेला, आणि निघून गेला. आठ दिवस गुरुदत्त जेवणापुरतं बोलत होता. वसुमतीनं चार दिवस वाट पाहिली, चार दिवस देवाला विनवलं, आणि काल संध्याकाळी गुडघे दुखत असताना जिना चढून ती ऋचाच्या दारात उभी राहिली.

डिस्क नव्या डब्यात बसली. गुरुदत्तच्या कॉम्प्युटरला मॉनिटर कधी नव्हताच. न दिसणाऱ्या माणसाला तो कशाला? ऋचानं वरून आपला आणून जोडला आणि बटण दाबलं. पडदा निळा झाला, चार ओळी इंग्रजी आलं आणि सगळं विझलं. दुसऱ्यांदाही तेच.

"काय झालं?" गुरुदत्तनं विचारलं. पंखा थांबलेला त्याला कळला होता.

"डिस्कला वाटतंय ती अजून जुन्याच घरात आहे. अंधारात जुन्या जागी दिव्याचं बटण शोधतेय," ऋचा म्हणाली. "थांबा, बायोसमध्ये एक सेटिंग बदलून बघते."

तिनं काहीतरी बदललं. ह्या वेळी निळं आलं नाही. खिडकीची चार रंगांची खूण आली, खाली ओळी सरकू लागल्या, यंत्र आपणहून एकदा बंद होऊन परत सुरू झालं, आणि मग पडदा उजळून स्थिर राहिला.

"आलं," ऋचा म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. "काका, आलं बघा."

गुरुदत्तनं कान दिला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती.

"कुठं आलं?"

ऋचानं मॉनिटरकडे बोट केलं होतं, ते तसंच हवेत राहिलं. वसुमतीला हसू आलं आणि तिनं ते पदराआड लपवलं; कुणापासून, ते तिचं तिलाच ठाऊक.

"साउंड नाहीये अजून," ऋचा वरमून म्हणाली. "ह्या विंडोजला नव्या मशीनची ओळख नाही ना. आवाजाचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागेल. नेटही चालत नाहीये. माझ्या लॅपटॉपवर उतरवते आणि पेनड्राइव्हनं टाकते. अर्धा तास धरा."

"सरी, बरं," म्हणत गुरुदत्त उठला. "बोलाय लागलं की हाक मारा. इथं सुम्ने, उगीच बसून काय करूं." भिंतीला हात लावत तो ओसरीवर गेला. थोड्या वेळानं तिथून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येऊ लागल्या.

ऋचानं लॅपटॉप मांडीवर घेतला. मॉनिटरवर एक पान आपोआप उघडलं होतं. यंत्र सुरू झालं की रोजची वही समोर यावी, अशी सोय विद्याधरनं करून ठेवली होती.

"काकू, हे कानडी आहे ना? काही खराब झालं नाहीये ना, जरा वाचून बघता? मला एक अक्षर येत नाही."

वसुमतीनं चष्मा लावला. अक्षर कानडी, भाषा मराठी. त्यात नवल नव्हतं. दोघांचीही शाळा कानडी, त्याची ब्रेलच्या ठिपक्यांची आणि तिची फळ्यावरची. मराठी घरात बोलायची, लिहायची वेळ आली की हात कानडीकडेच वळायचा. नवल एवढंच, की भावाचं लिहिणं ती जन्मात पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होती.

वर याद्या होत्या. नाव, गल्ली, तिथी, नंबर. खाली वार आणि तारखा घालून काहीबाही लिहिलेलं होतं.

"याद्या बरोबर दिसतात," ती म्हणाली. "तारखाही हायत. शेवटची कालची."

"कालची कशी असेल? मशीन तर आठ दिवस बंद होतं." ऋचा पुढे वाकली, दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "काकू, जुनं मशीन मेलंच नव्हतं. रोज सकाळी सुरू झालंय ते, साडेसहाला. फक्त आवाज गेला होता. मॉनिटर नाही, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. त्या दुकानवाल्याचं सोडा, मी तरी आधी मॉनिटर लावून बघायचं की नाही? शाळेतल्या पोरानंही पहिलं तेच केलं असतं. साउंडचं एक कार्ड बदललं असतं की काम झालं असतं." ती स्वतःवरच हसली आणि लॅपटॉपकडे वळली.

वसुमती हसली नाही. आठ दिवस सकाळी आतून कळांची टकटक येत होती. बिचारा दुरुस्त करू बघतोय, असं तिला वाटलं होतं. चुलीवर दूध ठेवून दोनदा तिनं डोळे पुसले होते.

ती वाचू लागली.

"शनिवार. यंत्र मेलं. नुसता पंखा फिरतो. बोटांना सवय म्हणून लिहितो. कोण वाचणार हाय."

"सोमवार. मेलं ते बरं झालं. ह्या पक्षात फोन न्हाईत, असं म्हणायला कारण मिळालं. चारशे बारातल्या कितींना फोन पाहिजे? मालोजी इंगळ्याचा नातू म्हणाला, मोबाइलवर येतं सगळं, तुम्ही त्रास घेऊं नका. चांगलं बोलला. सगळेच चांगलं बोलतात."

"बुधवार. शेवटचा खरा फोन हेब्बाळला केला. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोनच्या हुकवर बोट ठेवून, लाइन तोडून बोलतो."

वसुमतीनं ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर रेडिओवर बातम्या संपून जाहिरात लागली होती.

"गुरुवार. वसू रोज दाराशी उभी असते. बांगड्या वाजतात. तिला वाटतं मला ऐकूं येत न्हाई. मी बोललो न्हाई तर ती भिते, मागच्यासारखं होईल म्हणून. मला आता तसं काही होणार न्हाई, पण तिला ते कसं पटवायचं. फोन तिला पाहिजेत. म्हणून बोलतो."

"शुक्रवार. यंत्र मेलं हे ती मान्य करत न्हाई. वरच्या पोरीला बोलवणार म्हणते. सरी."

त्यापुढे काही नव्हतं.

तिला आधी राग आला. दोन वर्षं. पावसात, थंडीत, ताप असताना, सकाळी सातला दार लावून हा माणूस कुणाशीच न बोलता बोलत होता आणि वर "आज बारा घरं झाली" म्हणून सांगत होता. आणि ती त्याला दुसरा चहा देत होती, दमला असेल म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं की हे सगळं ऐकायला भाजी घेऊन रोज आपणच जाऊन उभं राहत होतो. आपण एक दिवस न्हाणीघरात असलो असतो तर तो त्या दिवशी गप्प बसला असता, थोडा निवांत पडला असता. तिचे डोळे भरून आले आणि पडद्यावरची अक्षरं विरघळली.

"ठीक आहे ना सगळं?" ऋचानं मान वर न करता विचारलं.

"हो."

"ते खालचं नवीन काय आहे? ठेवायचं ना?"

"ठेव. पुसायचं न्हाई म्हणालाय ना तो." वसुमतीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आणि ऋचा, जुनं मशीन चालू होतं ते अण्णाला सांगूं नको."

ऋचानं आता मान वर केली. वसुमतीच्या चेहऱ्याकडे तिनं थोडा वेळ पाहिलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "मलाच बोलणी बसतील." आणि तिनं पेनड्राइव्ह लावला. "आता येईल आवाज. घालू?"

घालू नको म्हणावं, असं वसुमतीला अगदी ओठांपर्यंत आलं. चाललं नाही म्हणून सांगता आलं असतं. यंत्र मेलं, फोन संपले, भाऊ सुटला. पण त्या आवाजाशिवाय त्याला पेपर नव्हता, पुस्तक नव्हतं, लिहिलेलं परत ऐकायची सोय नव्हती. एका गोष्टीतून सोडवायचं म्हणून त्याचं सगळंच कसं काढून घ्यायचं?

"घाल," ती म्हणाली.

दोन मिनिटांनी यंत्र बोललं. हाक मारावी लागली नाही. गुरुदत्त ओसरीवरून आला तो भिंतीला हातही न लावता, आणि खुर्चीत बसून त्यानं कळांवर बोटं ठेवली. कानडी आवाज भरधाव सुटला. त्या वेगात त्याच्याखेरीज कुणाला काही कळणं शक्य नव्हतं.

"तोच हाय," तो म्हणाला. "जसाच्या तसा. पोरी, तुझे हात सोन्याचे हायत."

"डिस्क चांगली होती, काका." ऋचानं मॉनिटरची वायर काढली, तो काखेत मारला आणि ती जिन्याकडे निघाली. वसुमतीकडे तिनं पाहिलं नाही.

दुपारभर गुरुदत्तच्या खोलीचं दार लागलेलं होतं. वसुमती स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. आवाज धावत होता, थांबत होता, परत धावत होता. चारच्या सुमाराला तो एका जागी एकदम तुटला. मग पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा त्याच जागी तुटला. आठ दिवसांच्या त्या ओळी त्यालाही सापडल्या, हे वसुमतीला कळलं.

रात्री जेवताना गुरुदत्तनं काही विचारलं नाही. चटणी चांगली झालीय, एवढं मात्र तो दोनदा म्हणाला. वसुमतीनं त्याला आणखी वाढली.

रविवारी सकाळी सात वाजता दार लागलं. वसुमती उठली. आज भाजी घेतली नाही. दाराशी क्षणभर थांबून तिनं ते आत ढकललं. इतक्या वर्षांत ह्या वेळेला तिनं हे दार कधी उघडलं नव्हतं.

गुरुदत्त तिच्याकडे पाठ करून टेबलाशी बसला होता. रिसीव्हर कानाला, डाव्या हाताचं बोट हुकवर. दार उघडलेलं त्यानं ऐकलं नसेल, असं होणारच नव्हतं. तरी त्यानं घसा साफ केला.

"नमस्कार. एचएसआर लेआउट, इंगळ्यांचं घर नव्हं? गुरुदत्त बोलतो."

आणि पलीकडच्या माणसानं बोलावं म्हणून थांबतात तेवढा तो थांबला. दोन वर्षं तिनं बाहेर उभं राहून हे थांबणं ऐकलं होतं, आणि दर वेळी कुणीतरी त्याच्याशी काहीतरी बोललं असेल असं मानून ती पुढच्या शेंगेकडे वळली होती.

"हो," वसुमती दारातून म्हणाली. "बोला, अण्णा."

गुरुदत्त हलला नाही. बोटही हुकवरून हललं नाही.

"काल तुझा चष्मा कुठं होता?" त्यानं विचारलं.

"नाकावर."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचून बारीक झाला. मग गुरुदत्तनं रिसीव्हर जागेवर ठेवला, शेजारची खुर्ची हातानं चाचपून पुढे ओढली आणि तोंड तिच्या बाजूला वळवलं.

"उद्या प्रतिपदा," तो म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. "तुमच्या आजोबांची. विसरूं नका."

वसुमती येऊन खुर्चीत बसली.

"न्हाई विसरत," ती म्हणाली. "पुढचं घर कुणाचं?"